नोव्हेंबर टाळा

सुदाम मास्तरांनी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवली. विषय सगळेच शिकवावे लागत, पण जीव भूगोलात. फळ्यावरून खडू न उचलता ते युरोपचा नकाशा काढायचे आणि पोरं तोंड उघडं टाकून बघत राहायची. स्वतः मात्र मास्तर एका बाजूला सुरत, दुसऱ्या बाजूला नाशिक आणि खाली मुंबई, याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. तलासरीपासून आत, डोंगराकडच्या पाड्यावर घर, थोडी भातशेती, बायको चंद्रिका अंगणवाडीत सेविका आणि एकुलती एक मुलगी निलम.

निलम नर्सिंग शिकली. मग पुण्यात राहून वर्षभर जर्मन भाषा शिकली आणि मार्च महिन्यात जर्मनीतल्या एका लहानशा शहरात हॉस्पिटलच्या कामाला गेली. पाड्यावरून परदेशी गेलेली ती पहिलीच. तिला विमानतळावर सोडून आल्यावर मास्तर चार दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत, आणि त्यानंतर मात्र तिच्याशिवाय दुसरं काही बोलले नाहीत.

ऑगस्टात भाताची आवणी आटपली होती. एका रविवारी निलमचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, तुम्ही आणि आई नोव्हेंबरमध्ये इकडे या ना. बोलावण्याचं पत्र मी पाठवते."

"नोव्हेंबर?" मास्तर म्हणाले. "तुला सुट्टी आहे का तेव्हा?"

"सुट्टी नाही. पण नुसतं येऊन राहा. खोली लहान आहे, तरी तिघं मावू. आई काहीतरी करेल खायला."

"अगं, एवढ्या लांब येऊन खोलीत बसायचं का?"

निलम हसली. चंद्रिका मागून फोनमध्ये डोकावत म्हणाली, "येतो येतो. भात कापायला मी लाहूला सांगते." लाहू म्हणजे तिचा भाऊ, डहाणूजवळ कैनाडला राहायचा. बहिणीने हाक मारली की हातातलं काम टाकून येणारा माणूस.

पासपोर्ट दोघांचे निलमने जायच्या आधीच काढून ठेवले होते. राहिली तयारी. आणि तयारी म्हणजे मास्तरांच्या लेखी पुस्तक. दुसऱ्याच दिवशी ते डहाणू रोडला, स्टेशनजवळच्या दक्षाबेनच्या दुकानात गेले. शाळेच्या वह्या, खडू, हजेरीपट, सगळं त्यांनी नोकरीभर तिथूनच घेतलेलं.

"दक्षाबेन, गाईड पाहिजे."

"कितवीचं?" दक्षाबेनने विचारलं आणि हात सवयीने मागच्या कप्प्याकडे गेला.

"शाळेचं नाही हो. जर्मनीचं. फिरायला जायचंय."

दक्षाबेनने चष्मा वर केला. मग आत बसलेल्या नवऱ्याला हाक मारून ही बातमी सांगितली, मास्तरांना खुर्ची दिली, चहा मागवला. असलं पुस्तक दुकानात नव्हतं. "मुंबईहून मागवून देते ने," ती म्हणाली. "दोन-तीन मागवते. तुम्ही बघा, आवडेल ते न्या. बाकीची मी परत पाठवीन."

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. तीन पुस्तकं आली होती. मास्तर सकाळीच डहाणूला पोचले आणि दुकानाच्या कोपऱ्यात वह्यांच्या गठ्ठ्यावर बसून तिन्ही चाळू लागले.

पहिलं मराठी होतं. लिहिणाऱ्या बाई एका सहल कंपनीबरोबर युरोप फिरून आलेल्या. पुस्तकात अर्ध्याहून जास्त बसमधल्या गप्पा आणि कुणी कुणाला चिवडा दिला त्याची हकिकत. मास्तरांना ते वाचायला मजा वाटली, पण त्यात एकही नकाशा नव्हता. त्यांनी ते बाजूला ठेवलं. दुसरं गुजराती. बाजारामुळे गुजराती त्यांना वाचता येई. त्यात कुठल्या शहरात शाकाहारी जेवण कुठे मिळेल याचीच यादी, आणि मास्तर तर बोंबील-सुकटीवर वाढलेले. तेही गेलं. तिसरं इंग्रजी. विटेएवढं जाड, गुळगुळीत कागदाचं, पानोपानी नकाशे, नद्या निळ्या, रेल्वे काळी, प्रत्येक किल्ल्याचा वेगळा नकाशा. निलमचं शहर आहे का, म्हणून त्यांनी मागची सूची काढली. होतं. चक्क दीड पान होतं. नदीवरचा लाकडी पूल, घंटेचा मनोरा, टेकडीवरचा पडका किल्ला.

"हे घेतो," ते म्हणाले.

आणि तिथंच, गठ्ठ्यावर बसल्या बसल्या, त्यांना तो तक्ता दिसला. बाराही महिने ओळीने मांडलेले. मे ते सप्टेंबर पिवळा सूर्य. नोव्हेंबरसमोर काळा ढग, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं की दिवस लहान, आकाश भरलेलं, किल्ले आणि बोटी बंद. जमत असेल तर हा महिना टाळा. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग मराठी आणि गुजराती पुस्तकंही पुन्हा उघडून बघितली. तिघांचंही एकमत होतं. आपण वेळेवर पुस्तक घेतलं म्हणून त्यांना हायसं वाटलं.

घरी येऊन त्यांनी चंद्रिकेला तक्ता दाखवला. ती तांदूळ निवडत होती. तिने सूर्य आणि ढग बघितले.

"पण पोरीने नोव्हेंबर सांगितलाय."

"ती तिथे कामाला गेलीय, फिरायला नाही. तिला काय ठाऊक कधी काय उघडं असतं ते? मेमध्ये गेलो तर सगळं बघून होईल. आयुष्यात एकदाच तर जायचंय."

"मला काय बघायचंय? मला ती कशी राहते ते बघायचंय."

"ते तर मेमध्येही दिसेल," मास्तर म्हणाले. चंद्रिका पुन्हा तांदळाकडे वळली.

संध्याकाळी त्यांनी निलमला फोन लावला आणि सगळं समजावून सांगितलं. तक्ता सांगितला, किल्ल्याचं सांगितलं, बोटीचं सांगितलं. पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. त्यांना वाटलं नेट गेलं.

"बरं बाबा," निलम म्हणाली. "मेमध्ये या." मग म्हणाली, "आईला द्या."

चंद्रिका फोन घेऊन अंगणाच्या टोकाला, आंब्याखाली गेली. बऱ्याच वेळाने परत आली. मास्तरांनी विचारलं काय म्हणते, तर म्हणाली, "काही नाही. बरी आहे म्हणते."

त्यानंतरचे महिने मास्तरांच्या आयुष्यातले मोठे आनंदाचे गेले. हे त्यांना नंतर आठवायचं तेव्हा स्वतःचीच शरम वाटायची, पण खरं होतं ते. रोज सकाळी ओटीवर बसून ते पुस्तक वाचायचे, अडलेल्या शब्दाला कोश काढायचे, वहीत वार लावून बेत मांडायचे. सोमवारी घंटेचा मनोरा, मंगळवारी बोट. तलासरीच्या बाजारात कुणी भेटलं की गप्पा फिरून फिरून ऱ्हाईन नदीवर यायच्या. निवृत्त शिक्षकांच्या सभेत तर त्यांनी अर्धा तास भाषणच केलं. लोक कौतुकाने ऐकायचे. पाड्यावरची म्हातारी बायजी त्यांना विचारायची, "मास्तर, तिकडे नाचणी होते का रे?" आणि मास्तर तिलाही पुस्तकात बघून सांगायचे.

निलमचे फोन मात्र आखूड होत चालले होते. आता ती कॅमेरा लावत नसे. नेट चांगलं नाही म्हणायची. मास्तरांना त्याचं फारसं काही वाटलं नाही, कारण त्यांच्याकडे बोलायला भरपूर होतं.

"अगं, तुझ्या त्या टेकडीवरच्या किल्ल्यात खाली विहीर आहे म्हणे, पन्नास मीटर खोल. तू बघितलीस का?"

"नाही बाबा. मी गेले नाही तिकडे."

"आणि तो लाकडी पूल? तुझ्या हॉस्पिटलपासून जवळच दिसतो नकाशात."

"रोज जाते त्यावरून."

"चारशे वर्षांचा आहे तो."

"हो का," निलम म्हणाली.

असे कितीतरी फोन. ती राहत होती त्या गावाची माहिती मास्तर तिलाच वाचून दाखवत होते, आणि ती ऐकून घेत होती.

डिसेंबरात एका दुपारी चंद्रिका अंगणवाडीतून घरी आली ती सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आपण आत्ताच जाऊया."

"कुठे?"

"निलमकडे. मला तिचा आवाज बरा वाटत नाही. मी अंगणवाडीत एवढी पोरं सांभाळते. पोर कधी खात नाही, कधी रडून गप्प बसलंय, ते मला आवाजावरून कळतं."

"थंडी असेल तिकडे, सर्दी झाली असेल. व्हिसासाठी मार्चमधली तारीख घेऊन ठेवलीय आपण. आता बदलायची म्हणजे सगळा बेतच बदलतो."

"मग तुम्ही मेमध्ये या. मी एकटी जाते."

मास्तरांना हसू आलं. वाईट मनाने नाही हसले ते. वापीच्या पुढे एकटी न गेलेली बाई विमानात एकटी बसणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं एवढंच. "तिथे उतरल्यावर कुणाशी काय बोलशील?" ते म्हणाले.

चंद्रिका हसली नाही. आत जाऊन तिने चूल पेटवली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळचे अकरा वाजले असतील, मास्तर ओटीवर पुस्तक घेऊन बसले होते. पाड्याच्या वाटेवर तलासरीची रिक्षा थांबली. तिच्यातून एक मुलगी उतरली, अंगात जाड काळा कोट, हातात एक बॅग. मास्तरांनी आधी ओळखलंच नाही. ती जवळ आली तेव्हा ते उठून उभे राहिले. निलमचा चेहरा एवढासा झाला होता. केस कापलेले, हाताची हाडं वर आलेली.

"अगं, कळवलं नाहीस. किती दिवसांची सुट्टी?"

"सुट्टी नाही बाबा. सोडून आले."

"सोडून म्हणजे?"

"नोकरी सोडली."

आणि त्यावर सुदाम मास्तर जे बोलले ते त्यांना मरेपर्यंत विसरता येणार नाही. ते म्हणाले, "अगं पण, मेमध्ये आम्ही येणारच होतो ना."

निलमने त्यांच्याकडे बघितलं. ती आत गेली आणि कोटासकट खाटेवर आडवी झाली. मास्तर अंगणवाडीकडे धावले. चंद्रिका आली, तिने लेकीचे बूट काढले, कोट काढला, कपाळावर हात ठेवून बसून राहिली. तिने एकही प्रश्न विचारला नाही.

चार-पाच दिवस निलम झोपूनच होती. उठायची, भाकरीचा तुकडा खायची, पुन्हा झोपायची. विचारायला माणसं यायची. मास्तर सांगायचे, सुट्टीवर आली आहे, थकली आहे. बाजारात जायचं त्यांनी बंद केलं. मनात रागही होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. एवढं शिकवलं, एवढी भाषा शिकली, आणि वर्षही पुरं झालं नाही. पण तो राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं, आणि लेकीला का आलीस म्हणून विचारायचं धाडस होत नव्हतं.

महिन्याभरात निलम हिंडू-फिरू लागली. अंगावर थोडं मांस चढलं. एप्रिलमध्ये डहाणूच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स पाहिजे असल्याचं लाहूमामाने कळवलं, तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, जाऊन बघते. मास्तर सोबत गेले. मुलाखत झाली, आणि डॉक्टर दुपारी उत्तर देतो म्हणाले. दोन तास काढायचे होते. दोघं समुद्रावर जाऊन सुरूच्या झाडांखाली बसले. ओहोटी होती. पाणी पार लांब गेलेलं, मधे नुसता काळा चिखल आणि त्यात रुतलेल्या दोन होड्या.

मग मास्तरांनी विचारलं, "नोव्हेंबरमध्ये काय झालं होतं?"

निलमने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मग हळूहळू सांगू लागली, जसं एखाद्या पेशंटबद्दल सांगावं तसं.

"तिकडे त्या महिन्यात उजाडतच नाही, बाबा. मी कामाला जायचे तेव्हा अंधार, सुटायचे तेव्हा अंधार. सोबतच्या मुलींनी आधीच सांगून ठेवलं होतं, पहिल्या वर्षीचा नोव्हेंबर सगळ्यात वाईट, घरचं कुणी येत असेल तर तेव्हा बोलव. म्हणून मी ऑगस्टातच म्हटलं तुम्हाला. माझा वॉर्ड म्हाताऱ्या माणसांचा. एक आजी होती, माझंच नाव घ्यायची सारखी. नीट यायचं नाही तिला, निलाम म्हणायची. ती त्या महिन्यात गेली. माझ्या हातात हात होता तिचा. मी खोलीवर आले आणि कुणाला सांगावं तेच कळेना. तुम्हाला फोन लावला त्या दिवशी."

"मला?"

"हो. तुम्ही त्या विहिरीचं सांगत होता."

मास्तरांनी वाळूत बोटं खुपसली.

"मग परीक्षा होती, तिथली मान्यता मिळण्याची. तोंडी परीक्षेत मला बोलताच येईना. येत होतं सगळं, पण तोंडातून शब्द निघेना. नापास झाले. पुन्हा जानेवारीत बसायचं होतं. त्या दिवशी मी उठलेच नाही. उठावंसंच वाटेना. तीन दिवस गेले नाही कामावर, तेव्हा वॉर्डची मुख्य बाई खोलीवर आली. तिने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, घरच्या कुणाला तरी बोलवून घे. मी म्हटलं, मेमध्ये येणार आहेत."

समुद्रावर दूर एक बाई चिखलात वाकून काहीतरी वेचत होती. मास्तर तिच्याकडे बघत राहिले.

"तू नीट सांगायचं होतंस," ते कसेबसे म्हणाले. "एक शब्द बोलली असतीस तर..."

"मला वाटलं, या म्हटलं म्हणजे सांगितलंच."

तिच्या बोलण्यात धार नव्हती. धार असती तर बरं झालं असतं, मास्तरांना वाटलं. थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, "तुम्ही आला असता तर मी राहिले असते की नाही, ते मला खरंच नाही सांगता येत. कदाचित तुमच्याबरोबरच परत आले असते. तेव्हा तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका."

पण लावून घ्यायचं की नाही हे माणसाच्या हातात नसतं. ती राहिली असती की नाही, हे आता कधीच कळणार नव्हतं, आणि तेच मास्तरांना खात राहिलं. चूक झाली एवढं नक्की असलं तर माणूस एकदा रडून मोकळा होतो.

त्या दुपारी डॉक्टरांनी तिला कामावर घेतलं. निलम आठवडाभर कैनाडला मामाकडे राहू लागली आणि रविवारी पाड्यावर येऊ लागली. व्हिसाची तारीख केव्हाच टळून गेली होती. मे आला. मास्तरांनी जुनी शाळा गाठली, तिथल्या तरुण शिक्षकाला विचारून संध्याकाळी पाड्यावरच्या पोरांना शिकवायला सुरुवात केली. नकाशा मात्र काढेनात.

चंद्रिकेने त्यांना कधी दोष दिला नाही. एकदाच, जेवताना, मास्तर स्वतःहून म्हणाले, "मी तुझं ऐकायला पाहिजे होतं." चंद्रिकेने त्यांच्या ताटात आमटी वाढली. "मी तुम्हाला विचारायलाच नको होतं," ती म्हणाली. "लाहूला घेऊन व्हिसाला जायला पाहिजे होतं. माझंही चुकलं." दोघं पुढे जेवली. तिलाही हे सलत असेल असं मास्तरांना तोवर सुचलंसुद्धा नव्हतं.

पावसाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. रविवार होता. निलम अंगणात कपडे वाळत घालत होती. तिचा फोन वाजला. तिने नंबर बघितला, क्षणभर तशीच थांबली आणि मग उचलला. मास्तर ओटीवर होते. निलम जर्मनमध्ये बोलू लागली. आधी अडखळत, शब्द शोधत, मग भराभर. आंब्याच्या बुंध्याला टेकून बोलताना ती मध्येच हसली. मोकळी, खळखळून हसली. मास्तरांनी ती तशी हसलेली दीड वर्षात ऐकली नव्हती. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण बोलण्याची लय कळत होती. पलीकडचं कुणी तिला चांगलं ओळखत होतं. तिथेही तिचं कुणीतरी होतं. तिथेही ती कुणालातरी हवी होती.

पंधरा मिनिटांनी फोन ठेवून ती उरलेले कपडे उचलायला आली.

"कोण गं?" मास्तरांनी विचारलं.

"तिकडची, वॉर्डातली मैत्रीण. नवीन मुली आल्यात म्हणाली केरळच्या, म्हाताऱ्यांना सांभाळायची मी लावून दिलेली पद्धत त्यांना शिकवतात." तिने ओला टॉवेल झटकला. "कधी येतेस परत, असं विचारत होती."

"मग काय सांगितलंस?"

निलमने टॉवेल दोरीवर टाकला, दोन्ही टोकं ओढून सारखी केली.

"काही नाही. शब्दच आठवेना त्यासाठी," ती म्हणाली. "विसरत चाललेय बाबा, बोलायचं."

आत्ताच तिचं भराभर जर्मन ऐकलेले मास्तर ओटीवरून खाली उतरले, बादलीतला उरलेला कपडा पिळला आणि तिच्या हातात दिला.